आवासदान : एका आजारी मुक्या जिवाला घर देताना

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्त्या, जीवदया निधी अशा अनेक कार्यांचा उल्लेख होतो, आणि तो यथोचितच आहे. आजचा विषय मात्र या साऱ्यांहून लहान आहे. तो आहे एका लहानशा आजारी कुत्र्याचा. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कुत्र्याची कथा कशासाठी, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. परंतु जीवदयेची खरी परीक्षा निधीच्या पावतीवर होत नाही. ज्याला दिवसातून दोन वेळा आठवणीने औषध द्यावे लागते, असा एखादा जीव दाराशी येतो तेव्हाच ती होते.

दाराशी बांधलेला जीव

घटना दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावची. तेथील जैन धर्मशाळेच्या लोखंडी दाराला श्रावणाच्या आरंभी एका पहाटे एक पांढरा, केसाळ कुत्रा नायलॉनच्या दोरीने बांधलेला आढळला. लोक ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात, त्या जातीचा. वजन जेमतेम सहा किलो. शेजारी प्लास्टिकची एक पिशवी होती. तीत बिस्किटांचा पुडा, जर्मनची एक वाटी आणि गोळ्यांची एक रिकामी पट्टी एवढेच होते. चिठ्ठी नव्हती.

ज्या कोणी त्याला तेथे बांधले तो माणूस निर्दय नसावा. निर्दय माणूस बिस्किटे ठेवून जात नाही. जैनांच्या दाराशी बांधले म्हणजे जीव वाचेल, एवढा विश्वासही त्याच्या मनात होता. हा विश्वास म्हणजे समाजाच्या अनेक पिढ्यांची पुण्याईच म्हणावी लागेल. परंतु जे सांगणे अत्यावश्यक होते तेच त्याने सांगितले नव्हते.

पुजाऱ्याच्या मुलांनी त्याचे नाव सोनू ठेवले. दोन दिवस तो धर्मशाळेच्या ओसरीवर बागडला. तिसऱ्या रात्री एकाएकी त्याचे अंग ताठ झाले, तो कुशीवर कोसळला, चारही पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला आणि जागीच लघवी झाली. दीड-दोन मिनिटांत सारे थांबले. मग तो उठला आणि भिंतीला धडकत फिरू लागला. ज्या हातून दोन दिवस भाकरी खाल्ली तो हातही त्याला ओळखेना. पहारेकऱ्याने काठी उचलली. ‘कुत्रा पिसाळला’ ही वार्ता उजाडण्यापूर्वीच गल्लीभर झाली.

सुदैवाने मंदिराच्या कार्यवाहांनी काठी आवरली आणि सकाळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी कुत्र्याकडे पाहण्यापूर्वी ती रिकामी पट्टी पाहिली. गोळ्या फेनोबार्बिटोनच्या होत्या. हे औषध माणसांनाही फेफऱ्यावर दिले जाते. सोनूला अपस्मार होता. पूर्वीच्या घराला तो ठाऊक होता. औषध संपले आणि त्याबरोबर घरही संपले, असा त्या पट्टीचा अर्थ होता.

येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. फेफरे म्हणजे रेबीज नव्हे. अपस्माराचा कुत्रा झटका ओसरल्यावर काही वेळाने, क्वचित एखाद्या दिवसाने, पूर्ववत होतो. रेबीज झालेल्या कुत्र्याची अवस्था उत्तरोत्तर बिघडत जाते आणि लक्षणे दिसू लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत तो दगावतो. मात्र हा भेद ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. जीवदयेच्या नावाखाली यात हयगय करणे हा धर्म नव्हे.

चार सूचना

त्या सकाळी धर्मशाळेच्या कार्यालयात जी बैठक झाली तीत चार सूचना पुढे आल्या. कोणत्याही गावात अशा प्रसंगी याच चार सूचना पुढे येतात, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करणे उचित होईल.

पहिली सूचना : ‘बाजाराच्या बाजूला नेऊन सोडून द्यावे; चार कुत्री जगतात तसे तेही जगेल.’ घरात वाढलेला सहा किलोचा कुत्रा बाजारात जगत नाही. तेथील कुत्री त्याला आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. शिवाय अपस्माराचे औषध एकाएकी बंद झाले तर झटके पूर्वीपेक्षा तीव्र आणि लांबलेले येऊ शकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या अकराव्या कलमानुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हा अपराध आहे. त्या कलमाखाली पहिल्या अपराधाला दंड मात्र दहा ते पन्नास रुपयांचा. कायद्याने या अपराधाची किंमत फार अल्प ठरवली आहे. श्रावकाचाराने ती अल्प ठरवलेली नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही अतिचार प्रामुख्याने आश्रयाला असलेल्या मुक्या प्राण्यांच्या संदर्भात घडतात. ज्याचे अन्न-पाणी दुसऱ्याच्या हाती आहे त्याचे अन्न-पाणी अडवणे हा दोष असेल, तर ज्याचे औषध दुसऱ्याच्या हाती आहे त्याचे औषध अडवणे हाही त्याच जातीचा दोष मानावा लागेल.

दुसरी सूचना : ‘एक इंजेक्शन देऊन त्याला यातनांतून मोकळे करावे.’ ही सूचना करणारी व्यक्ती कनवाळूच होती. परंतु डॉक्टरांनी स्पष्ट केले, की या कुत्र्याला झटका येतो त्या दोन मिनिटांत त्याची शुद्ध हरपलेली असते, आणि उरलेले दिवस तो खातो, खेळतो, शेपूट हलवतो. त्याचे जीवन यातनामय आहे, असे म्हणता येत नाही. यातना होत्या त्या पाहणाऱ्यांना. पाहणाऱ्याचे दुःख संपवण्यासाठी दुसऱ्याचा प्राण घेणे याला दया म्हणता येणार नाही. सल्लेखनेचा दाखलाही येथे लागू पडत नाही. ती व्रती जिवाने स्वतः, समजून-उमजून स्वीकारायची असते. दुसऱ्यावर लादायची नसते.

तिसरी सूचना : ‘पांजरपोळात पाठवावे.’ ही सूचना समाजाला सर्वांत जवळची, आणि तिला इतिहासही आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रजी अंमलाने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा जूनमध्ये शहरात मोठा क्षोभ उसळला. पारशी रस्त्यावर उतरले आणि बाजारपेठ बंद पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद हे तिच्या उभारणीत अग्रभागी होते. आज पांजरपोळ म्हटले की गायी-म्हशी डोळ्यांपुढे येतात. परंतु त्या संस्थेच्या जन्मामागे रस्त्यावरची कुत्री होती, हे अनेकांना ठाऊक नसते.

पांजरपोळीचे ऋण मान्य करूनही प्रस्तुत प्रसंगी ती पुरेशी ठरत नाही. शेकडो गुरांच्या गोठ्यात सहा किलोच्या एका कुत्र्याला बरोबर बारा तासांच्या अंतराने पाव गोळी कोण देणार? रात्री अडीच वाजता झटका आला तर घड्याळ कोण पाहणार? अनेक जिवांना एकत्र सांभाळणे हे संस्थेचे बळ आहे. एका जिवाकडे सतत लक्ष ठेवणे हे घराचे बळ आहे. सोनूला गरज होती ती घराची.

चौथी हरकत एका ज्येष्ठ, स्वाध्यायशील श्रावकांनी घेतली आणि ती शास्त्राधारे होती. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकातील ‘सागारधर्मामृता’त श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा खरकर्मांत ‘असतीपोष’ गणला आहे, म्हणजे हिंस्र प्राण्यांचे पोषण. कुत्रा, मांजर यांचे पालन त्यात येते. मग श्रावकाने कुत्रा घरात कसा ठेवावा? ही हरकत टाळून पुढे जाणे योग्य नव्हते. तिचे उत्तर त्याच यादीत आहे. ती पंधराही कर्मे उपजीविकेची आहेत. वनजीविका, अग्निजीविका, यंत्रपीडन हे जसे धंदे, तसेच असतीपोष हाही अर्थार्जनासाठी वा शिकार-झुंजीसाठी प्राणी पाळण्याचा धंदा. निषेध आहे तो प्राण्याच्या हिंसावृत्तीवर नफा मिळवण्याचा. दाराशी आलेल्या रोगी जिवाला अनुकंपेने आश्रय देणे हा धंदाही नाही आणि नफाही नाही. त्या ज्येष्ठांनी हे ऐकून घेतले आणि एक अट घातली : कुत्रा हौसेसाठी विकत घेण्याची प्रथा यातून समाजात शिरू नये. ही अट रास्त होती आणि ती सर्वांनी मान्य केली.

खरे तर जैन कथापरंपरेत श्वानाचे स्थान हीन नाही. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त, धर्माच्या प्रभावाने कुत्राही देवपदाला जातो आणि पापाच्या प्रभावाने देवही कुत्र्याच्या योनीत येतो, असा आशय स्पष्ट मांडला आहे. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’तील जीवंधरकुमाराची कथा तर सर्वश्रुत आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरणप्राय मारले होते. जीवंधराने त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, आणि तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष होऊन पुढे आयुष्यभर त्याच्या उपयोगी पडला. त्या कथेत कुत्र्याचा बचाव करण्यापूर्वी जीवंधराने त्याचे कुळ विचारले नाही, की त्याचा उपयोगही विचारला नाही.

पहिले घर

घर शोधायचे ठरले आणि ते आठ दिवसांत मिळालेही. गावातील एक तरुण दांपत्य पुढे आले. घर मोठे, माणसे प्रेमळ. कार्यवाहांनी दूरध्वनीवर सांगितले : ‘कुत्रा गुणी आहे. अधूनमधून फिट येते, एक गोळी द्यायची असते.’ एवढ्या दोन वाक्यांवर सोनू त्या घरी गेला.

पहिले दोन-तीन आठवडे उत्तम गेले. झटका एकदाही आला नाही. मग दशलक्षण पर्व आले. घरातील वडीलधाऱ्यांचे एकाशन सुरू झाले आणि सायंकाळचा स्वयंपाक थांबला. सोनूची गोळी सायंकाळच्या भाकरीत कालवून दिली जात असे. भाकरी थांबली तशी गोळीही थांबली. आता बरा झाला आहे, असेही घरच्यांना वाटत होते. अनंत चतुर्दशीला सर्वांचा उपवास होता, म्हणून भावनेच्या भरात त्यालाही उपवास घडवला गेला. त्या दिवशी सकाळची गोळीही चुकली. क्षमावाणीच्या दिवशी पहाटे त्याला एकामागून एक झटके येऊ लागले. दोन झटक्यांच्या मध्ये तो शुद्धीवरच येईना. मोटारीच्या मागच्या बैठकीवर, ओल्या टॉवेलात गुंडाळून त्याला दवाखान्यात नेले, म्हणून तो वाचला.

दुसऱ्या दिवशी ती सून रडत रडत सोनूला घेऊन धर्मशाळेत आली. ‘अण्णा, आमच्या हातून पाप घडले,’ असे ती अध्यक्षांना म्हणाली. अध्यक्ष काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोरी, पाप तुझे नव्हे. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे तुला आम्ही सांगितले होते का?’

सांगितले नव्हते. लपवावे असा हेतू नव्हता. परंतु सारे सांगितले तर कोणी घेणार नाही, अशी भीती मात्र होती. ज्या अनामिकाने सोनूला दाराशी बांधले, त्याने रिकामी पट्टी ठेवली होती. धर्मशाळेने पुढच्या घराला दोन वाक्ये दिली होती. दोघांत अंतर किती? अर्धवट सांगून दिलेला जीव हा दिलेला नसतो, तो टाळलेला असतो. अहिंसा पाळण्यासाठी सत्याला मुरड घातली, आणि अखेर अहिंसाही साधली नाही. त्या वर्षीची क्षमावाणी विश्वस्तांनी प्रथम त्या सुनेकडे मागितली.

दयादत्तीचे चार भाग

आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. मुक्या, पीडित जिवांचे भय दूर करणे हा दयादत्तीचा विषय. आणि दान कशाकशाचे द्यावे, याचे समंतभद्रांनी चार भाग सांगितले आहेत : आहार, औषध, उपकरण आणि आवास. ते मुख्यतः सत्पात्रासंबंधी असले, तरी दयादत्तीलाही त्यांचा क्रम मार्गदर्शक ठरतो. आवासदानाच्या दृष्टांतासाठी समंतभद्रांनी कोणा राजाचे वा श्रेष्ठीचे नाव न घेता एका रानडुकराचे उदाहरण घेतले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गुहेत विसावलेल्या मुनींचे वाघापासून रक्षण करताना त्या डुकराने प्राण दिला, अशी कथा आहे. पशूने मुनींना निवारा राखून दिला. मग श्रावकाने पशूला निवारा देणे हे त्या ऋणाची अंशतः फेडच होय.

सोनू परत आल्यावर डॉक्टरांच्या मदतीने विश्वस्तांनी याच चार भागांत एक कागद तयार केला. त्याचा सारांश असा.

आहार : कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, मात्र त्यात प्रथिने व क्षार पुरेसे असावेत, म्हणून आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. मांजराची गोष्ट निराळी आहे. तिचे शरीर केवळ शाकाहारावर धड राहत नाही, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक आहे; जैन स्वयंपाकघरात ही अडचण मुळातच नाही. परंतु द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सांगली-तासगावच्या परिसरात ज्या घरी बेदाण्याचा डबा नाही असे घर सापडणे कठीण. म्हणून हा इशारा विशेष महत्त्वाचा. चॉकलेटही वर्ज्य. आणि उपवास हा स्वेच्छेचा संयम आहे; मुक्या जिवाला तो घडवू नये.

औषध : गोळी दर बारा तासांनी. सकाळी सहा आणि सायंकाळी सहा ही वेळ ठरवली. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घराला ही वेळ वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. झटके थांबले म्हणून गोळी थांबवायची नाही. ती चालू आहे म्हणूनच झटके थांबलेले असतात. मात्रा डॉक्टरांखेरीज कोणी बदलायची नाही. औषध सुरू केल्यावर वा मात्रा बदलल्यावर रक्तातील प्रमाण स्थिर होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. या औषधाने भूक, तहान आणि लघवी वाढते, आरंभी झोप येते. यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून साधारण सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे. हे औषध महाग नाही. अवघड आहे ती नियमितता.

उपकरण : गळपट्टा, एक घड्याळ आणि एक वही. झटका आला की प्रथम घड्याळ पाहावे. तोंडात हात, चमचा वा कांदा-चप्पल काही घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही, मात्र नकळत चावू शकतो. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, जिन्यापासून त्याला बाजूला ठेवावे, दिवा मंद करावा आणि शांत राहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा चोवीस तासांत दोन वा अधिक झटके आले, तर तत्काळ दवाखाना गाठावा. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ आणि कालावधी वहीत लिहावा. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो.

आवास : घर देताना निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालेली असावी, जेथे नगरपालिकेचा परवाना लागतो तेथे तो काढलेला असावा. प्रथम पंधरा दिवस परिचयाचे. त्या काळात, किंवा नंतरही, घराला जमले नाही तर जीव परत आणावा. त्यासाठी कोणी बोल लावणार नाही. परंतु दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नये. आणि कागदाच्या शेवटी, ठळक अक्षरांत : हा आजार बहुधा आयुष्यभर राहील, घेणाऱ्याने हे समजून घ्यावे.

दुसरे घर

रविवारच्या स्वाध्यायानंतर हा कागद सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. एक ओळही वगळली नाही. वाचन संपले आणि अपेक्षेप्रमाणे शांतता पसरली. कोणी चपला शोधू लागले, कोणी घड्याळाकडे पाहू लागले. सत्य सांगितले की माणसे मागे हटतात, ही भीती खरी ठरली असेच सर्वांना वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कोणी नसताना, घरोघर पापड पुरवणाऱ्या एक भगिनी धर्मशाळेत आल्या. त्यांनी तो कागद पुन्हा वाचायला मागितला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘अण्णा, यातले मला नवीन काही नाही. आमच्या घरी दहा वर्षे हेच चालले आहे.’

त्यांच्या मुलीला अकराव्या वर्षापासून फेफरे येत होते. सकाळी सहा, सायंकाळी सहा, गोळी. झटक्यांची वही. दहा वर्षांत ही गोष्ट त्यांनी शेजाऱ्यालाही कळू दिली नव्हती. मुलीचे लग्न जमणार नाही, धाकट्याचेही अडेल, ही धास्ती. पाठशाळेच्या सहलीला मुलगी कधी गेली नाही. मंदिरात महाभिषेकाच्या गर्दीत आई तिचा हात सोडत नसे, आणि लोकांना ते लाडावलेपण वाटे.

‘काल तुम्ही त्या मुक्या जिवाचा आजार सगळ्या सभेपुढे वाचलात,’ त्या म्हणाल्या. ‘लाज वाटेल असे काही त्यात आहे, असे तुमच्या आवाजात नव्हते. माझी पोरगी मागच्या रांगेत बसली होती. घरी येऊन ती म्हणाली, आई, तो कुत्रा आपल्याकडे आण. गोळी मी देते.’

अध्यक्षांनी त्यांना एवढेच विचारले, ‘अक्का, दोघांचे झेपेल का?’

‘घरात सहा वाजता एक गोळी निघतेच. आता दोन निघतील.’

सोनू त्या घरी गेला. त्याची वही त्या मुलीनेच घातली. पंधरा दिवसांनी कार्यवाह भेटीस गेले तेव्हा वहीत एका झटक्याची नोंद होती : तारीख, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटे, कालावधी एक मिनिट चाळीस सेकंद, आणि खाली एक ओळ, ‘नंतर पाणी प्यायला, भिऊ लागला होता, जवळ घेतले.’ सोनू बरा झाला, असे सांगता येणार नाही. त्याला आजही दोन-तीन महिन्यांतून झटका येतो. परंतु त्या वेळी घरात कोणी काठी उचलत नाही, कोणी किंचाळत नाही. झटका म्हणजे काय, हे त्या घरात एकीला आतून ठाऊक आहे.

पुढल्या वर्षी ती मुलगी पाठशाळेच्या सहलीला गेली. सोबतच्या शिक्षिकेजवळ तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद दिला होता : झटका आला तर काय करावे आणि काय करू नये. ही हकीकत तिच्याच संमतीने, नाव न घेता, येथे सांगितली आहे. अपस्मार हा विवाहातील अडसर मानणारी तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून वगळण्यात आली, आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. कायद्याने जे केले ते समाजाने मनाने करायचे अजून शिल्लक आहे.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

प्राणिमात्राविषयी अनुकंपा बाळगणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. श्रावकाचे ते त्याआधी कितीतरी शतके होते. तरीही अनुकंपा आणि व्यवस्था यांची सांगड घातली नाही, तर तिचा उपयोग त्या जिवाला होत नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक स्थानिक न्यासाला तीन साध्या गोष्टी करता येतील.

एक, जीवदया निधीच्या हिशेबाच्या वहीशेजारी घरांची एक वही ठेवावी. कोणाच्या घरी दिवसभर माणूस असतो, कोणाला औषध देण्याची सवय आहे, कोण आठ दिवसांपुरता आसरा देऊ शकेल, हे तीत नोंदवावे. पैसा देणारे हात समाजात पुष्कळ आहेत. वेळ देणारे हात नोंदवल्याशिवाय सापडत नाहीत.

दोन, कोणताही आजारी जीव लेखी माहितीशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. आजार, औषध, वेळ, धोका, खर्च, सारे लिहून द्यावे. माहिती ऐकून दहा घरे मागे हटली तरी चालेल. अकरावे घर पुढे येते ते त्या माहितीमुळेच.

तीन, दिल्यानंतर विसरू नये. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढे महिन्याकाठी एकदा, कोणीतरी जाऊन भेटावे. दानाची पावती फाडली की दान संपते. जीव दिला की जबाबदारी वाटली जाते, संपत नाही. ज्या घराला आधार मिळतो ते घर जीव परत करत नाही.

जीव हे परस्परांच्या उपकारासाठी आहेत, असे उमास्वामींनी सांगून ठेवले आहे. उपकार करणारा कोण आणि घेणारा कोण, हे दरवेळी आधी कळतेच असे नाही. सोनूला त्या घराने आसरा दिला, हे सर्वांनी पाहिले. त्या मुलीला सभेत मान वर करून बसण्याचे बळ कोणी दिले, याचे उत्तर त्या पांढऱ्या, केसाळ, सहा किलोच्या जिवापाशी आहे.

धर्मशाळेच्या कार्यालयात ती गोळ्यांची रिकामी पट्टी आजही एका पाकिटात जपून ठेवली आहे. नवे विश्वस्त आले की ती त्यांना दाखवली जाते. पन्नास वर्षे पूर्ण करून पुढील पन्नास वर्षांकडे पाऊल टाकताना, या न्यासाच्या दाराशी जो जीव येईल तो भरलेल्या पट्टीसह, पूर्ण माहितीसह आणि योग्य घरी जावो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.